ओसरीवरील विचार : जुना रहाटपाळणा आणि आमची साक्ष

फेब्रुवारी उजाडला की आमच्या परभणीस हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाची चाहूल लागते. दर्गा मुसलमान साधुपुरुषाचा खरा, परंतु यात्रा साऱ्या जिल्ह्याची. गावोगावचे शेतकरी, व्यापारी, लेकुरवाळ्या बाया, सर्व जातिधर्मांची माणसे तेथे लोटतात. आमच्या वाड्यातील मंडळीही आमच्या आजोबांच्या काळापासून एक संध्याकाळ या यात्रेस देत आली आहेत. यंदाही गेलो. परत आल्यावर पाय धुऊन ओसरीवर टेकलो, तो तेथे असा काही वाद माजला की, स्वयंपाकघरातून जेवणाची दोन वेळा हाक येऊनही कोणी उठेना. या महिन्यात वाचकांपुढे दुसराच विषय मांडण्याचा आमचा विचार होता. परंतु त्या वादातून आमच्या मनास जो बोध झाला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

वादाचे मूळ क्षुल्लक होते. आमचे धाकटे बंधू म्हणाले, "यात्रेत आता काही राम उरला नाही. खरा पाळणा तो आपल्या वेळचा. चार डोल्यांचा, लाकडी, माणसांनी हाताने फिरवायचा." आम्ही तत्काळ मान डोलावली. त्यावर पुण्याहून आलेला आमचा पुतण्या, वय चाळिशीचे, उसळून म्हणाला, "काका, लाकडी पाळणा आम्ही पाहिलाही नाही. यात्रेची खरी शान म्हणजे मौत का कुआँ आणि ब्रेक डान्स!" हा ब्रेक डान्स म्हणजे नाच नव्हे, फिरत्या तबकडीवर फिरत्या खुर्च्या बसविलेले व आतील माणसास कणकेसारखे तिंबणारे एक यंत्र आहे. इतक्यात आमचा पंधरा वर्षांचा नातू गंभीर मुद्रेने वदला, "आजोबा, आमच्या वेळी ती छोटी झुकझुक गाडी होती ना, ती आता काढून टाकली. तीच खरी क्लासिक होती."

'आमच्या वेळी' हे शब्द पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकताच सारी ओसरी हसली. आम्हीही हसलो. परंतु मागाहून अंथरुणावर पडल्यावर वाटले की, त्या मुलास हसण्याचा आम्हांस अधिकार काय? त्याने जे केले, तेच आम्ही केले होते, आणि तेच आमच्या पुतण्याने. तिघांनीही आपापल्या बाळपणीच्या खेळण्यास सिंहासनावर बसविले व उरलेल्यांस दरबाराबाहेर काढले. फरक इतकाच की, आमच्या मिशा पांढऱ्या असल्यामुळे आमच्या आवडीस परंपरा म्हणतात आणि त्याला मिसरूड फुटावयाचे असल्यामुळे त्याच्या आवडीस पोरखेळ म्हणतात.

ज्यास इंग्रजीत क्लासिक म्हणतात, त्यास आपण अभिजात हा शब्द योजितो. त्याचा मूळ अर्थ कुलीन, चांगल्या कुळात जन्मलेला. काव्यास, गायनास तो शोभतो. यात्रेतील पाळण्यास तो लावावा काय, असे कोणी विचारील. आमचे मत असे की, अवश्य लावावा. कारण पाळण्याचे कूळ तपासणे काव्याच्या कुळापेक्षा सोपे आहे, आणि त्या निमित्ताने आपण अभिजातपणाचे दाखले कसे वाटतो, तेही उघड होते.

प्रथम शब्दाचेच पाहा. विहिरीवरील ज्या यंत्राने पोहरे खाली जाऊन भरतात व वर येऊन रिते होतात, त्याचे संस्कृत नाव अरघट्ट. त्याचेच प्राकृतातून झिजत झिजत मराठीत रहाट झाले. त्या रहाटास पोहऱ्यांऐवजी डोल्या टांगल्या की झाला रहाटपाळणा. शूद्रकाने मृच्छकटिकाच्या अखेरीस दैवाच्या खेळास विहिरीवरील याच यंत्राची उपमा दिली आहे. कोणास भरावे, कोणास रिते करावे, कोणास वर न्यावे, कोणास खाली. शाळेत हा कूपयंत्रघटिकान्याय शिकविताना आम्ही मुलांस नेहमी उरुसातील पाळणाच डोळ्यांपुढे आणावयास सांगत असू.

असली मोठी चक्रे अन्यत्रही जुनी आहेत. १६१५ साली प्येत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने कॉन्स्टॅन्टिनोपल शहरी अशा चक्रात बसल्याचे लिहून ठेविले आहे. परंतु हल्ली जगभर या पाळण्यास ज्याचे नाव देतात, तो फेरिस नावाचा अमेरिकन इंजिनियर. १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्याने २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र उभारले. त्यास ३६ डबे असून प्रत्येकात ६० माणसे मावत. म्हणजे एका वेळी २,१६० माणसे अधांतरी! आता असे वाटेल की, या आद्य चक्राचे लोकांनी देव्हाऱ्यात ठेवून पूजन केले असेल. तसे काही झाले नाही. प्रदर्शन संपले, चक्र तेथून हलविले, १९०४ साली सेंट लुईच्या प्रदर्शनात पुन्हा फिरविले, आणि १९०६ साली सुरुंग लावून पाडून टाकिले. अवघे तेरा वर्षांचे वय! ज्यांनी लहानपणी त्यातून शिकागो पाहिले, ती मुले अद्याप मोठी होऊन कर्ती झाली नव्हती. त्याच्या बाजूने डोळे पुसणारे कोणी नव्हते. मग त्यास कोण वाचविणार?

याच्या उलट व्हिएन्ना शहरीचे चक्र पाहा. ते १८९७ सालचे. १९१६ साली तेही पाडावयाचे ठरले होते; परंतु पाडण्यास लागणारा पैसा हाती नसल्यामुळे ते तसेच राहिले! पुढे १९४४ साली युद्धात ते जळाले. युद्ध संपल्यावर त्या उद्ध्वस्त नगरात घरे, पूल, सारेच पुन्हा बांधावयाचे असताना लोकांनी हे चक्रही पुन्हा उभे केले. मात्र ३० डब्यांऐवजी १५ डबे टांगून. एव्हाना पन्नास वर्षांची बाळपणे त्याच्याभोवती गुंडाळली गेली होती. आज ते त्या शहराचे भूषण गणले जाते. ज्याचे मोठेपण मोठे होते ते गेले, आणि जे पाडणे परवडले नाही ते अभिजात ठरले. याचा अर्थ व्हिएन्नाचे चक्र वाईट असा नव्हे. अर्थ एवढाच की, अभिजात होण्यासाठी गुणांपूर्वी एक गोष्ट लागते : तगून राहणे. आणि ज्यांनी लहानपणी पाहिले ते कर्ते होईपर्यंत जे तगते, त्यास पुढे मरण नाही.

न्यूयॉर्कमध्ये कोनी आयलंड येथे सायक्लोन नावाची १९२७ सालची घसरगाडी आहे. पोलादी चौकटीवरील लाकडी रुळांवरून ती प्रवाशांस वर नेऊन खाली लोटते. तिलाही एकदा मोडीत काढण्याचे घाटत होते. लोकांनी ओरड केली, १९७५ साली तिची डागडुजी होऊन ती पुन्हा सुरू झाली, आणि १९८८ साली नगराने तिला संरक्षित वास्तूचा मान दिला. तीच गोष्ट डिस्ने यांच्या उद्यानांची. कॅलिफोर्नियातील त्यांचे पहिले उद्यान १९५५ सालचे. त्यात टोड नावाच्या बेडकाच्या बेफाम मोटारफेरीचा एक खेळ आहे, तो अद्याप चालतो. तोच खेळ फ्लोरिडातील उद्यानात १९७१ पासून होता. १९९८ साली तो बंद केला तेव्हा मोठमोठी कर्ती माणसे निषेध करण्यास गोळा झाली. ज्या वयाची ही माणसे होती, ते वय लक्षात घेण्याजोगे आहे. लहानपणी त्यांस तेथे बापाने नेले होते; आता त्यांच्या स्वतःच्या खिशात पैसा होता व कडेवर स्वतःची मुले होती.

येथे विषयाचे मर्म आहे. मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की, उतारवयाच्या माणसास आयुष्यातील आठवणी सांगावयास लाविले असता त्यांतील फार मोठा भाग सुमारे दहा ते तीस या वयातील निघतो. म्हणजे प्रत्येक पिढीची पेटी त्या वीस वर्षांत भरते व पुढे जन्मभर ती तीच उघडून बसते. कोणती गोष्ट 'आमच्या वेळची' हे ठरविणारे पंचांग निराळे नाही. ज्याचा हात चाळिशी-पन्नाशीत घराच्या तिजोरीवर व सभेच्या घंटेवर असतो, त्याची पेटी म्हणजेच त्या काळचे अभिजात. वीस वर्षांनी पंच बदलतात व निकालही बदलतो.

या घरच्या ओढीच्या भावनेस युरोपात नोस्टाल्जिया म्हणतात. आज हा शब्द काव्यमय वाटतो. परंतु १६८८ साली योहानेस होफर नामक एका तरुण वैद्याने बाझेल येथे आपल्या प्रबंधात दोन ग्रीक शब्दांची मोट बांधून तो घडविला, तो रोगाचे नाव म्हणून. घरी परतणे व त्याची वेदना, असा त्याचा अर्थ. परदेशी गेलेले स्विस लोक घराच्या आठवणीने झुरत, त्या झुरण्याचे हे निदान. आपल्याकडे यास स्मरणरंजन असा सुंदर प्रतिशब्द रूढ झाला आहे. मात्र दोहोंत एक फरक आहे. होफरच्या शब्दात दुखणे आहे, आपल्या शब्दात रंग आहे. रंजन म्हणजे रंगविणेही. आठवण नुसती जपली जात नाही. ती प्रत्येक उजळणीत थोडी रंगविली जाते.

आपले नैयायिक या बाबतीत मोठे कडक. आम्ही तरुणपणी शास्त्रीबुवांपाशी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह घोकला, त्यात ज्ञानाचे दोन भाग केले आहेत, अनुभव आणि स्मृती. आणि प्रमेचा, म्हणजे यथार्थ ज्ञानाचा, मान मिळतो तो यथार्थ अनुभवासच. स्मृती केवळ संस्कारातून उपजते. ती कितीही खरी असली तरी तिला त्या पंक्तीत पान मांडीत नाहीत. त्या वेळी आम्हांस हा स्मृतीवर अन्याय वाटे. आज वाटते की, अन्नंभट्टाने आमच्या ओसरीवरील वाद आधीच ऐकला असावा. स्मृतीस साक्षीदार म्हणून अवश्य बोलवावे. न्यायासनावर बसवू नये.

कालिदासाचीही साक्ष काढावयाजोगी आहे. मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेत नटाने शंका काढिली की, भासादि नामवंत कवी असताना या चालू काळच्या कालिदासाचे नाटक का करावे? त्यावर सूत्रधाराने बजावले आहे की, जुने तेवढे चांगले असे नव्हे आणि नवे म्हणून टाकाऊ असेही नव्हे. शहाणा मनुष्य पारखून घेतो, मूढ दुसऱ्याच्या मतावर चालतो. गंमत पाहा! ज्या कवीला 'नवा' म्हणून आपली वकिली करावी लागली, त्याचेच नाव घेऊन पुढे शेकडो वर्षे नव्यांस दटावण्यात आले. प्रत्येक अभिजात वस्तू एके काळी उपटसुंभच होती.

मग टिकणाऱ्या वस्तूत स्वतःचा असा गुण काहीच नाही काय? आहे, असे आम्हांस वाटते. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात डिस्ने यांनी लहानशा नावेतून जाण्याचा एक खेळ मांडला. दोन्ही काठांवर देशोदेशीच्या पोषाखातल्या बाहुल्या गात असतात. १९६६ साली तो कॅलिफोर्नियातील उद्यानात आला व अद्याप आहे. त्यात वेग नाही, भीती नाही, काळजाचा ठोका चुकविणारे काहीही नाही. परंतु एका नावेत आजी, सून व कडेवरचे मूल मिळून बसू शकतात. एकट्या शूराने करावयाचे खेळ त्या शूराबरोबर म्हातारे होतात. तीन पिढ्यांनी एके ठिकाणी बसून करावयाचे खेळ मात्र एका पिढीच्या पेटीतून दुसरीच्या पेटीत जातात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आम्हां मंडळींस हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याचा पडताळा आम्हांस अलीकडेच आला. मुंबईस गोराई येथे १९८९ साली निघालेले एस्सेलवर्ल्ड २०२२ साली बंद झाले. त्यानंतर आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्यास आम्हीच शाळेच्या सहलीतून तेथे नेले होते. तो हळहळू लागला, तेव्हा आम्ही विचारिले, "तुला त्यातला कोणता खेळ आठवतो?" बराच विचार करून तो म्हणाला, "गुरुजी, खेळ नीट आठवत नाहीत. पण खाडी ओलांडताना लाँचमध्ये तुमची टोपी उडाली आणि आम्ही सगळे हसलो, ते आठवतं. माझ्या डब्यातली दशमी तुम्ही मागून घेतलीत, तेही आठवतं." अवघ्या उद्यानातून त्याच्यापाशी उरले काय, तर एक टोपी व एक दशमी! दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली निघून २००८ साली मिटले. त्याच्यासाठी हळहळणारांच्या मनातही बहुधा यंत्रे नसून कोणाचे तरी बोट धरलेले असेल. उद्या आमचा नातू खोपोलीजवळील २०१३ सालच्या इमॅजिकाबद्दल असेच बोलू लागला, तर आम्ही नवल मानणार नाही.

येथवर आमचा विचार आम्हांस फार सुसंगत वाटत होता. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही तो ओसरीवर सविस्तर मांडला. सगळ्यांनी माना डोलाविल्या. कोपऱ्यात वाती वळीत बसलेल्या आमच्या वडील भगिनी, अक्का, मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांचे वय आता बहात्तर आहे. आम्ही सहज विचारिले, "अक्का, तुला आपल्या वेळचं काय आवडायचं? तो लाकडी पाळणाच ना?"

अक्कांनी हातातील वात पूर्ण केली व म्हणाल्या, "तुम्ही सगळे वरून काय दिसायचं ते सांगताय. मी खाली उभी असायचे, तुमच्या चपला आणि टोप्या सांभाळत. मुलीच्या जातीनं पाळण्यात बसायचं नसतं, असं आजी म्हणायची. नंतर लग्न झालं. मग कुणी विचारलंच नाही."

आम्हांस उत्तर सुचेना. लहानपणी दरवर्षी आम्ही चपला काढून तिच्या हाती दिल्या असतील, आणि आमच्या त्या सुवर्णकाळात ती कोठे उभी होती, हे एकदाही आमच्या ध्यानात आले नाही. आम्ही पिढ्यांचा हिशेब मांडला. परंतु एकाच पिढीत, एकाच घरात, एकाच आईच्या पोटच्या लेकरांतही आठवणींची वाटणी सारखी झाली नव्हती, हे गणितातून गळले. अभिजात काय हे कोण ठरवितो? तर ज्यास बसावयास मिळाले तो. जी खाली उभी राहिली, ज्यास दाराआत घेतले नाही, किंवा ज्याच्या बापाच्या कनवटीस डोलीपुरते नाणेही नव्हते, त्यांच्या मताची नोंद या निवाड्यात होतच नाही. जुन्या काळाची थोरवी गाणाऱ्या आपल्या घरांतून हा प्रश्न विचारण्याची चाल पडली पाहिजे : तो काळ कोणाचा होता?

आणि तो पाळणा तरी तितका निर्दोष होता काय? आता स्मृतीस उलटतपासणीस उभे केलेच आहे, तर हेही कबूल करावे की, एके वर्षी आमच्या डोलीची खीळ निसटून ती एका बाजूस कलली होती व फिरविणाऱ्या गृहस्थाने खांदा देऊन ती सावरली, म्हणून आम्ही आज हे लिहीत आहो. नव्या यंत्रांतही अपघात होतात व तेथे दक्षता हवीच. परंतु 'जुने ते भक्कम' ही आमची समजूत त्या एका खिळीपुढे टिकत नाही. विशेष हे की, हा प्रसंग आम्ही आजवर मोठ्या मौजेचा म्हणून सांगत आलो आहो!

तेव्हा वाचकांस आमची दोन अल्प विनंत्या आहेत. मुलांनी 'आमच्या वेळी' म्हटले, तर हसू नये. त्यांची पेटी आता भरत आहे, आणि तिच्यात काय पडावे हे थोडेबहुत आपल्या हाती आहे. आणि दुसरे, घरात जे कोणी नेहमी खाली उभे राहत आले आहे, त्यास एकदा विचारावे.

आम्ही विचारिले. उरूस उठण्याच्या आदल्या दिवशी अक्का, आमची नातसून व तिची चार वर्षांची मुलगी अशा तिघी विजेच्या मोठ्या पाळण्यात बसल्या. आम्ही खाली उभे राहिलो. पाळणा वर गेला, आला, पुन्हा गेला. उतरल्यावर अक्कांच्या मुखावर काही अपूर्व भाव दिसेल, अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी लुगड्याचा पदर सारखा केला व म्हणाल्या, "तुम्ही एवढं सांगत होता, तसं काही नाही रे. आणि आपला वाडा कुठं दिसतो वरून? तू तर इतकी वर्षं सांगत आलास, दिसतो म्हणून."

आम्ही म्हणालो, "अक्का, आता मध्ये मोठमोठ्या इमारती झाल्या. तेव्हा दिसायचा."

"तेव्हा?" अक्का म्हणाल्या. "तेव्हाचा तो पाळणा होता केवढा? दोन-अडीच पुरुष. शेजारच्या कडुलिंबाच्या वरसुद्धा जात नव्हता. मी खालून रोज बघत होते की!"

आम्ही निरुत्तर झालो. आमच्यापाशी होती ती स्मृती, आणि तीही रंगविलेली; अक्कांपाशी होता तो अनुभव. अन्नंभट्टाने निकाल त्यांच्याच बाजूने दिला असता.

परतताना त्या चिमुरडीने विचारिले, "पणजीआत्या, पुन्हा कधी बसायचं?"

"पुढच्या वर्षी," अक्का म्हणाल्या, आणि आमच्याकडे वळून पुढे म्हणाल्या, "चपला तू सांभाळ."